आडात नसलेला कोळसा: रुरची वाटणी, 1945 ते 1952

प्रश्न असा आहे: 1945 मध्ये जर्मनी बिनशर्त शरण आला, पश्चिम जर्मनीतल्या रुर या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातल्या खाणी दोस्त सैन्याच्या ताब्यात आल्या. मग जेत्यांना तिथला कोळसा आपसात वाटून घ्यायला सहा-सात वर्षं का झगडावं लागलं? फ्रान्स सगळा वेळ नाराज का राहिला? आणि शेवटी झालेला कोळसा-पोलाद करार हा मनाचा मोठेपणा होता की नाइलाज?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. वणी-बल्लारपूर पट्ट्यातल्या खाणींवर कोळशाच्या डिस्पॅचमध्ये माझी तीसेक वर्षं गेली. कुणाला किती रेक, कुठल्या ग्रेडचा माल, साइडिंगवर आज वॅगन लागली की नाही, हेच रोजचं काम. निवृत्तीनंतर या काळाबद्दल वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की राजनैतिक इतिहास लिहिणारे बहुतेक जण टक्केवारीपाशी थांबतात. कुणाला 21 टक्के, कुणाला 25. पण टक्के कशाचे, हे विचारलं की खरी गोष्ट सुरू होते. म्हणून मी उत्तर खाणीच्या तोंडापासून देतो.

कोळसा हा एकच माल आहे ही समजूत आधी बाजूला ठेवा. बॉयलरखाली जळतो तो कोळसा वेगळा आणि ज्याचा कोक होतो तो वेगळा. कोकिंग कोळसा बंद भट्टीत हवेशिवाय भाजला की तो मऊ होतो, फुगतो, चिकटतो आणि त्याचा टणक, सच्छिद्र कोक बनतो. झोतभट्टीत वरून पडणाऱ्या खनिजाचा भार हा कोक पेलतो आणि मधून वारा जाऊ देतो. त्या काळी एक टन कच्चं लोखंड काढायला साधारण एक टन कोक लागे आणि तेवढ्या कोकसाठी सव्वा ते दीड टन चांगला कोळसा. फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात लोखंडाचं खनिज अमाप, पण ते हलकं. त्यात लोह जेमतेम तिसरा हिस्सा, त्यामुळे कोक जास्तच खाणारं. फ्रान्सकडे कोळसा होता, पण पुरेसा नव्हता, आणि कोकला चालेल असा तर फारच कमी. हा कोक ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, रुरमध्ये होता. लॉरेनच्या भट्ट्या आणि रुरचे कोक ओव्हन निसर्गानंच एकमेकांशी बांधलेले आणि मधून मात्र सीमा गेलेली. या भांडणाचं मूळ इथे आहे, सैन्य आणि झेंडे नंतर आले.

1945 च्या वाटाघाटींना बसलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात 1919 चा हिशोब होता, म्हणून तोही थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात माघार घेताना जर्मन सैन्यानं उत्तर फ्रान्समधल्या लांस परिसरातल्या खाणी पाण्यानं भरून टाकल्या. व्हर्सायच्या तहानं त्याची भरपाई ठरवली. फ्रान्सच्या सीमेलगतच्या जर्मन सार प्रदेशातल्या खाणी थेट फ्रान्सच्या मालकीच्या झाल्या आणि सार प्रदेश 15 वर्षं राष्ट्रसंघाच्या कारभाराखाली गेला. शिवाय जर्मनीनं दहा वर्षं फ्रान्सला दरसाल 70 लाख टन कोळसा द्यायचा, बुडालेल्या खाणींची तूट वेगळी भरून द्यायची, बेल्जियमला 80 लाख टन, इटलीला 45 लाखांपासून पुढे वाढत जाणारा. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात जुलै 1920 मध्ये बेल्जियममधल्या स्पा गावी बसून हा आकडा सहा महिन्यांसाठी महिना 20 लाख टनांवर आणावा लागला. त्या करारातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं: प्रत्येक टनामागे 5 सुवर्ण मार्क जर्मनीला द्यायचे आणि त्यातून खाणकामगारांसाठी अन्न विकत घ्यायचं. म्हणजे खाणकामगाराच्या पोटात भाकरी गेल्याशिवाय कोळसा वर येत नाही, हे जेत्यांनी 1920 मध्येच लिहून दिलं होतं.

तरी जानेवारी 1923 मध्ये कोळशाच्या थकबाकीचं कारण पुढे करून फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य रुरमध्ये शिरलं. कामगारांनी असहकार पुकारला, रेल्वे थांबली आणि सुरुवातीच्या महिन्यांत फ्रान्सच्या हाती पडलेला कोळसा आधी कुरकुरत मिळत होता त्याहूनही कमी होता. बंदुकीनं खाण ताब्यात घेता येते, पाळी चालवता येत नाही. 1935 च्या जानेवारीत सारच्या लोकांनी 90 टक्क्यांहून अधिक मतांनी जर्मनीत परत जाणं पसंत केलं आणि तोही कोळसा गेला.

आता 1945 कडे येतो. जूनमध्ये अमेरिकेचे पॉटर आणि ब्रिटनचे लॉर्ड हिंडले यांच्या पथकानं वायव्य युरोप फिरून अहवाल दिला. येत्या हिवाळ्यात कोळशाचा दुष्काळ पडणार आणि त्यातून उपासमार आणि दंगली होणार, असा त्याचा सरळ अर्थ होता. 26 जुलैला बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममधल्या जेत्यांच्या परिषदेहून अध्यक्ष ट्रुमन यांनी जनरल आयझेनहॉवर यांना आदेश पाठवला: पश्चिम जर्मनीतून 1945 अखेरपर्यंत किमान 1 कोटी टन आणि एप्रिल 1946 पर्यंत आणखी दीड कोटी टन कोळसा निर्यातीसाठी काढा. त्यानं जर्मनीत बेकारी आणि असंतोष वाढला तरी चालेल, हेही त्यात होतं. आणि याच वॉशिंग्टननं काही महिने आधी सैन्याला दिलेला हुकूम काय होता? जर्मन अर्थव्यवस्था पुन्हा उभी राहील असं काही करू नका. हे दोन्ही आदेश एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर होते. खाणीला यंत्रं हवीत, ती पोलादाची. पोलादाला भट्टी हवी. मजुराला घर हवं, घराला काच आणि सिमेंट हवं, आणि सिमेंटला पुन्हा कोळसाच हवा. अर्थव्यवस्था बंद ठेवून तिच्यातला एकटा कोळसा चालू ठेवणं शक्य नव्हतं.

युद्धापूर्वी रुरमधून रोज सुमारे 4 लाख टन कोळसा निघे. मे 1945 मध्ये त्याचा दहावा हिस्साही धड निघत नव्हता. गंमत पाहण्यासारखी नाही, पण लक्षात घेण्यासारखी आहे की जमिनीखाली नुकसान त्या मानानं कमी होतं. बाँब वरच्या जगावर पडले होते. एसेन, बोखुम, डॉर्टमुंड या गावांत राहायला छप्पर नव्हतं. पूल कोसळून ऱ्हाइनच्या पात्रात पडले होते, कालवे फुटले होते, वॅगन जळल्या होत्या. युद्धकाळात खाणीत राबवलेले सोव्हिएत युद्धकैदी आणि परदेशांतून आणलेले वेठबिगार मुक्त होऊन निघून गेले होते, आणि ते जाणं न्यायाचंच होतं. तरुण जर्मन मजूर मेले होते किंवा कैदेत होते. उरले ते वय झालेले, अर्धपोटी लोक. आधाराच्या लाकडाचीही टंचाई होती. ज्यानं भूमिगत खाण पाहिली आहे त्याला सांगायला नको की फेसवर, म्हणजे कोळसा कापतात त्या तोंडाशी, आधार नसेल तर छत कधी बसेल याचा नेम नसतो, आणि शहाणा माणूस अशा छताखाली पुढे सरकत नाही.

20 फेब्रुवारी 1946 ला बेर्गकामेनच्या ग्रिमबेर्ग खाणीत स्फोट झाला. 405 माणसं गेली, त्यांत तीन ब्रिटिश अधिकारी होते. जर्मन खाणकामाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. लंडन, पॅरिस, वॉशिंग्टनच्या पत्रव्यवहारातले लाखो टनांचे आकडे वाचताना मी ही तारीख मनाशी धरून ठेवतो.

जर्मनी जेत्यांनी चार विभागांत वाटून घेतला होता, त्यात रुर ब्रिटिश विभागात आला. डिसेंबर 1945 मध्ये ब्रिटिशांनी सगळ्या खाणी मालकांकडून काढून घेतल्या आणि एसेनमधल्या क्रुप घराण्याच्या व्हिला ह्यूगल या वाड्यात नॉर्थ जर्मन कोल कंट्रोलचं ऑफिस थाटलं. पण ब्रिटनचीच तिजोरी रिकामी होती. आपल्या विभागातल्या लोकांना जगवायला त्यांना डॉलर मोजून धान्य आणावं लागत होतं, वर्षाला सुमारे 8 कोटी पौंडांचा तो बोजा होता. जुलै 1946 मध्ये ब्रिटनमध्ये पावावर रेशन आलं, जे ऐन युद्धातही आलं नव्हतं. मार्च 1946 मध्ये ब्रिटिश विभागातलं सर्वसाधारण रेशन माणशी हजार कॅलरींच्या आसपास उतरलं होतं. खाणकामगाराला जास्त मिळे, पण तो ते एकटा खात नसे, घरी पोरांना वाटे. ते टाळायला खाणीवरच गरम जेवण द्यायला लागले. उत्पादन मात्र पडलंच. अन्न कमी केलं की काही आठवड्यांत कोळसा कमी होतो. त्या वर्षांत हा संबंध इतका स्पष्ट दिसतो की त्यासाठी अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितलं की जगण्यासाठी लागणारी वस्तू कष्टानं किंवा विनंतीनं मिळत नसेल तर गरजेपुरती घेणं क्षम्य आहे. लोकांनी अर्थ लगेच ओळखला. मालगाड्यांतून कोळसा उतरवून नेण्याला कोलोनमध्ये क्रियापदच पडलं, ‘फ्रिंग्सन’. एकीकडे या गाड्या फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडकडे निघालेल्या, दुसरीकडे रुळांच्या कडेला पोती घेऊन उभ्या बायका. आमच्याकडेही साइडिंगवर कोळसा वेचणाऱ्या बाया असत. त्यांना हुसकावणारा आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणारा, असे दोन्ही प्रकारचे अधिकारी मी पाहिले आहेत. दोघांच्या वहीतली तूट शेवटी सारखीच येत असे.

या सगळ्यात एक संस्था अशी होती की जिचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, पण माझ्या मते खरं काम तिनं केलं. युरोपियन कोल ऑर्गनायझेशन. मे 1945 पासून ती लंडनमध्ये तात्पुरत्या स्वरूपात चालू झाली, 4 जानेवारी 1946 ला रीतसर करार झाला. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग, डेन्मार्क, नॉर्वे, ग्रीस, तुर्कस्तान हे सुरुवातीचे सदस्य. पुढे पोलंडसारखे देशही आले, सोव्हिएत युनियन मात्र बाहेर राहिला. तिला सक्तीचा कुठलाच अधिकार नव्हता. ती फक्त शिफारस करी: या खेपेला उपलब्ध कोळसा इतका, युद्धापूर्वीचा खप असा, आजची निकड अशी, म्हणून वाटा असा. तरी देशांनी या शिफारशी बहुतेक वेळा पाळल्या. का पाळल्या? कारण तिथे बसणारी माणसं कोळशाची होती. सगळ्यांचे आकडे सगळ्यांसमोर टेबलावर असत. आपल्याला कमी मिळाला हे कळत होतं, पण शेजाऱ्याला चोरून जास्त मिळाला नाही हेही कळत होतं. वाटपात माणूस कमी मिळाल्यानं जितका चिडत नाही तितका लपवाछपवीनं चिडतो, हा माझा स्वतःचा अनुभव. 1947 संपताना ही संस्था बंद झाली आणि काम जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या कोळसा समितीकडे गेलं.

मग भांडण कुठे होतं? ते वरच्या मजल्यावर, परराष्ट्रमंत्र्यांमध्ये होतं. आणि तिथे कोळसा वाटायचा नव्हता, जर्मनीचं पुढे काय करायचं ते ठरवायचं होतं.

फ्रान्सला पॉट्सडॅमला बोलावलंच नव्हतं. फ्रान्सचे नेते द गॉल आणि परराष्ट्रमंत्री बिदो यांची मागणी सुरुवातीपासून एकच: रुर आणि ऱ्हाइनलँड जर्मनीपासून तोडा, रुर आंतरराष्ट्रीय ताब्यात द्या, सार आम्हाला जोडा. ती मान्य होईना म्हणून फ्रान्सनं चार जेत्यांच्या बर्लिनमधल्या नियंत्रण परिषदेत संपूर्ण जर्मनीसाठीची मध्यवर्ती खाती उभी राहू दिली नाहीत. सोव्हिएत युनियनला रुरवर चार सत्तांचं नियंत्रण हवं होतं, म्हणजे तिथे त्यांचीही खुर्ची. ती द्यायला ब्रिटन आणि अमेरिका तयार नव्हते. ऑगस्ट 1946 मध्ये ब्रिटिशांनी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया हे नवं राज्य बनवलं, त्यामागे रुर जर्मनीतच राहणार हे पक्कं करण्याचा हेतू होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी श्टुटगार्टला सांगून टाकलं की सारवरचा फ्रान्सचा दावा आम्हाला मान्य, रुर तोडणं नाही. डिसेंबरमध्ये फ्रान्सनं सारभोवती जकातीची सीमा आखून घेतली.

सार मिळाल्यानं फ्रान्सचं समाधान व्हायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटतं. इथेच कोळशाची जात माहीत असावी लागते. सारच्या कोळशात बाष्पशील भाग जास्त. एकट्या त्याचा भट्टीला पेलवेल असा कोक होत नाही, रुरचा कोळसा मिसळावा लागतो. घरं तापवायला, वीज करायला तो उत्तम, लॉरेनच्या भट्ट्यांना मात्र अपुरा. झां मोने यांनी जानेवारी 1947 मध्ये मंजूर करून घेतलेली फ्रान्सच्या पुनर्रचनेची योजना पोलादावर उभी होती आणि ते पोलाद रुरच्या कोकवर. जर्मन भट्टीत जळलेला प्रत्येक टन कोक म्हणजे लॉरेनला न मिळालेला टन, हे गणित पॅरिसमध्ये सगळ्यांना पाठ होतं. मार्च 1946 मध्ये जर्मनीच्या पोलाद उत्पादनावर वर्षाला 58 लाख टनांची मर्यादा घातली गेली तेव्हा फ्रान्सचा तिला मनापासून पाठिंबा होता. त्याचं कारण सूडापेक्षा कोकमध्ये शोधलं तर जास्त बरोबर सापडतं.

1947 चा हिवाळा भयंकर गेला. फेब्रुवारीत खुद्द ब्रिटनमध्ये कोळशाअभावी कारखाने बंद पडले. शतकभर युरोपला कोळसा विकणारा हा देश आता निर्यात करू शकत नव्हता. तूट अमेरिकेनं भरली, पण अटलांटिक ओलांडून आलेला कोळसा युरोपच्या बंदरात टनामागे वीस डॉलरच्या पुढे पडत होता. रुरचा त्याच्या निम्म्या भावाला. या भावावरून दोन्हीकडे चीड होती आणि दोन्हीकडची खरी होती. जर्मन म्हणत, आमचा माल मातीमोल भावानं उचलून नेताय. फ्रेंच म्हणत, शत्रूनं चार वर्षं आम्हाला लुटलं आणि आता त्याच्याच कोळशाला आम्ही डॉलर मोजतोय, जे आमच्याकडे नाहीत. ब्रिटिश आणि अमेरिकन म्हणत, त्या डॉलरमधून आम्ही जर्मनांसाठी गहू आणतो, नाहीतर तो आमच्या करदात्याच्या खिशातून येतो.

अशा वेळी 10 मार्चला मॉस्कोत परराष्ट्रमंत्र्यांची परिषद सुरू झाली. अमेरिकेचे मार्शल, ब्रिटनचे बेव्हिन, फ्रान्सचे बिदो आणि सोव्हिएत युनियनचे मोलोटोव. जर्मनीवर चौघांचं काहीच जमलं नाही. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिघा पाश्चात्त्यांनी आपसात कोळशाचा एक करार केला. रुरसह पश्चिमेकडच्या विभागांचं उत्पादन रोज 2 लाख 80 हजार टनांवर गेलं की 21 टक्के निर्यात, आणि उत्पादन वाढेल तसा वाटा चढत जाऊन 3 लाख 70 हजार टनांना 25 टक्के. याला सरकती श्रेणी म्हणत. बिदोंना मायदेशी दाखवायला काहीतरी मिळालं, आणि फ्रान्स मॉस्कोत रशियाकडून पाश्चात्त्य बाजूला सरकला तो याच सुमारास. सारच्या बाबतीत मोलोटोव यांनी त्यांना काहीच दिलं नव्हतं, हेही त्यामागे होतं.

पण तारखा शेजारी ठेवून पाहा. 3 एप्रिलला, म्हणजे परिषद चालू असतानाच, रुरमधल्या तीन लाखांहून अधिक खाणकामगारांनी अन्नासाठी 24 तासांचा संप केला. त्या वसंतात उत्पादन दोन-सव्वादोन लाख टनांवर अडकलं होतं. ज्या 2 लाख 80 हजारांपासून श्रेणी सुरू होणार होती तो आकडाच अजून दूर होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाजारातल्या तुरीवरून घरात भांडण व्हावं तशी ही 21 आणि 25 ची घासाघीस होती.

उत्पादन वर आलं ते दुसऱ्याच रस्त्यानं. जानेवारी 1947 मध्ये खाणकामगारांसाठी गुणपद्धत सुरू झाली. हजेरी आणि कामाप्रमाणे गुण, त्या गुणांवर डुकराची चरबी, कॉफी, साखर, सिगारेट, दारू. मार्कच्या नोटेला तेव्हा किंमतच नव्हती, सिगारेटला होती. पगार वाढवून जे झालं नसतं ते चरबीच्या तुकड्यानं केलं. वसंतात देशभरच्या अन्नटंचाईनं घसरण झाली, पण शरद ऋतूत उद्दिष्ट गाठणाऱ्या खाणींना अमेरिकेतून येणाऱ्या अन्नाच्या ‘केअर’ पाकिटांचं बक्षीस मिळू लागलं आणि वर्षअखेरीच्या सुमारास 2 लाख 80 हजारांची पायरी आली. नोव्हेंबरमध्ये खाणींचा दैनंदिन कारभार जर्मन व्यवस्थापनाकडे, हाइन्रिश कोस्ट यांच्याकडे दिला गेला. वर ब्रिटिश-अमेरिकन देखरेख राहिली. स्पामध्ये 1920 ला लिहिलेलं पाच मार्कांचं कलम आणि हे गुणपत्रक यांत मला फरक दिसत नाही. 27 वर्षांनी तेच उत्तर पुन्हा शोधावं लागलं, एवढंच.

पूर्वेकडे काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर चित्र अर्धं राहील. सायलेशियाच्या खाणी पोलंडकडे गेल्या होत्या. 16 ऑगस्ट 1945 च्या करारानं पोलंडनं सोव्हिएत युनियनला पहिल्या वर्षी 80 लाख टन आणि पुढची चार वर्षं दरसाल 1 कोटी 30 लाख टन कोळसा ‘विशेष’ भावानं द्यायचा होता. तो भाव इतका कमी होता की पोलंडसाठी ही खंडणीच होती. तिथे परिषद नाही, श्रेणी नाही. पश्चिमेतली वाटणी गोंधळाची, रडीची, दिरंगाईची वाटते, पण तिथे निदान भांडायला जागा होती. युद्धात सर्वांत जास्त सोसलेल्या देशाच्या वाट्याला हे यावं याचं मला आजही वाईट वाटतं.

1947 च्या उन्हाळ्यात फ्रान्सला सर्वांत मोठा धक्का बसला. युरोपला अमेरिकेनं द्यायच्या मदतीची, म्हणजे मार्शल योजनेची, चर्चा पॅरिसमध्ये चालू असताना ब्रिटन आणि अमेरिकेनं आपले दोन विभाग मिळून झालेल्या जोडविभागासाठी पोलादाची मर्यादा 1 कोटी 7 लाख टनांवर नेली. बिदो संतापले. कोक पुन्हा जर्मन भट्ट्यांत जाणार होता. इथून पुढे फ्रान्सचा सूर बदलत गेला. रुर तोडा हे म्हणणं सुटलं आणि रुरवर आम्हाला देखरेख द्या हे आलं. 1948 च्या लंडन परिषदेत ते मान्य झालं आणि 28 एप्रिल 1949 ला इंटरनॅशनल रुर ऑथॉरिटीच्या नियमावलीवर सह्या झाल्या. मुख्यालय ड्यूसेलडॉर्फ. एकूण 15 मतं: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांना प्रत्येकी तीन, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्गला एकेक. रुरचा किती कोळसा, कोक आणि पोलाद घरी राहील आणि किती बाहेर जाईल हे ती ठरवणार.

फ्रान्सला हे यश वाटलं, पण त्याची मेख लवकरच दिसली. नियम एकाच देशाच्या खाणींना लागू होता. लॉरेनचं खनिज, बेल्जियमचा कोळसा यांना कुणी हात लावत नव्हतं. नोव्हेंबर 1949 मध्ये बॉनजवळच्या पेटर्सबेर्गच्या करारानं पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर अडेनॉवर यांनी या ऑथॉरिटीत बसायचं कबूल केलं, बदल्यात कारखाने मोडून नेणं बरंच थांबलं. त्यावर बुंडेस्टाग या जर्मन संसदेच्या रात्रभर चाललेल्या बैठकीत विरोधी पक्षनेते शूमाखर यांनी त्यांना ‘दोस्तांचा चॅन्सेलर’ म्हणून हिणवलं. मतांचं गणितही फ्रान्सच्या मनासारखं नव्हतं. एकटं फ्रान्स काही अडवू शकत नव्हतं आणि अमेरिकेला युरोपच्या संरक्षणासाठी दिवसेंदिवस जास्त जर्मन पोलाद हवं होतं.

9 मे 1950 ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाखाली आणायची घोषणा केली. तिच्याकडे म्हणून मी असं पाहतो. तोवर फ्रान्सनं पाच वर्षं प्रत्येक उपाय करून पाहिला होता. भूभाग तोडणं, नकाराधिकार, टक्केवारी, देखरेख. प्रत्येकातून हाती येणारा कोक कमी होत गेला आणि जर्मनीवरची बंधनं सैल होत गेली. मोने यांनी हिशोब ओळखला: जी सत्ता तशीही हातातून निसटते आहे ती सोडायची आणि बदल्यात कोकवर कायमचा, बरोबरीचा हक्क घ्यायचा. त्यासाठी स्वतःचं खनिज, स्वतःच्या खाणीही त्याच नियमाखाली ठेवायच्या. 18 एप्रिल 1951 ला पॅरिसमध्ये सहा देशांनी सह्या केल्या, 23 जुलै 1952 ला करार अमलात आला, लक्झेंबर्गला ‘हाय ऑथॉरिटी’ हे सामाईक मंडळ बसलं आणि 10 फेब्रुवारी 1953 ला कोळशाची सामाईक बाजारपेठ उघडली. घरच्या गिऱ्हाइकाला एक भाव आणि शेजारच्या देशाला दुसरा, हे बंद. लॉरेनचा कारखानदार आणि डॉर्टमुंडचा कारखानदार खाणीच्या तोंडाशी एकाच रांगेत उभे. रुर ऑथॉरिटीचं काम संपलं, ती गुंडाळली गेली.

तेव्हा मोठेपणा की नाइलाज, या प्रश्नाला माझं उत्तर: सुरुवात नाइलाजानं झाली, आणि त्यामुळे मला त्याची किंमत कमी वाटत नाही. ब्रिटननं मात्र या बैठकीला यायचं नाकारलं. त्यांच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण 1 जानेवारी 1947 लाच झालं होतं आणि त्यावर परक्या मंडळाचा अधिकार त्यांना नको होता. युद्धानंतर रुर प्रत्यक्ष सांभाळणारा देशच वाटणीच्या अखेरच्या टेबलावर नव्हता.

आणि सार? तिथे 23 ऑक्टोबर 1955 ला पुन्हा मतदान झालं, 67.7 टक्के लोकांनी युरोपीय देखरेखीची योजना नाकारली आणि 1 जानेवारी 1957 ला सार जर्मनीत गेलं. या वेळी रुरमध्ये कुणी सैन्य नेलं नाही. वाटाघाटींत फ्रान्सनं दोन गोष्टी मागितल्या आणि दोन्ही मिळवल्या: मोझेल नदी मोठ्या बोटींना चालेल इतकी रुंद-खोल करणं, म्हणजे लॉरेनचा माल ऱ्हाइनपर्यंत स्वस्तात जाईल, आणि सीमेवरच्या वार्न्ट जंगलाखालचा कोळसा आणखी पंचवीस वर्षं लॉरेनच्या बाजूनं काढायची मुभा. जमिनीवर सीमा जर्मनीची, खाली बोगद्यात फ्रेंच खाणीची पाळी. मोझेलचा कालवा 1964 मध्ये खुला झाला. तोवर रुरमध्ये उलटीच अडचण सुरू झालेली होती. 1958 पासून तेलापुढे कोळशाला गिऱ्हाईक मिळेना आणि ज्या खाणींच्या प्रत्येक टनासाठी चार राजधान्या भांडल्या होत्या त्यांच्या तोंडाशी न विकलेल्या मालाचे ढीग लागत होते.